टेबल तेवढे माझे

मेहकर, रविवार, ९ जुलै १९७८

आजपासून टिपणं ठेवायची ठरवली आहेत. पुढेमागे कुणाला माझ्या यंत्राचा इतिहास लिहावासा वाटला तर त्याची पंचाईत नको.

आमच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारा मी एकटा, आणि ते समजणाराही मी एकटाच. चार वर्षं हंगामी आहे. म्हणजे दर एप्रिलला मला काढतात आणि दर जूनला परत घेतात. संस्थेचे अध्यक्ष हिंमतराव दादासाहेब यांच्या मनात आलं तर मी उद्या कायम होईन. पण सध्या त्यांच्या मनात कापूस आणि पंचायत समिती यांखेरीज काही येत नाही. तेव्हा त्यांच्या मनात यायचं असेल तर काहीतरी दांडगं करून दाखवायला हवं.

मुंबईची एक संशोधन संस्था खेड्यापाड्यांत स्वस्त उपकरणं बनवणाऱ्यांना मदत करणार आहे. मी सतरा पानी अर्ज टाकला. यंत्र असं, की ज्याने न कापता शरीराच्या आतलं चित्र निघावं. परदेशी मासिकात वाचलं. तत्त्व सोपं आहे. चुंबकाच्या फटीत वस्तू ठेवायची, भोवती तारेचं वेटोळं, त्यातून रेडिओलहरीचा एक धक्का द्यायचा. वस्तूतलं पाणी क्षणभर त्याच लहरीत उत्तर देतं. जिथे पाणी जास्त, तिथलं उत्तर मोठं. त्या उत्तरांवरून आतला नकाशा काढायचा. परदेशात हे यंत्र खोलीएवढं आहे, मी टेबलावर मावेल असं करणार.

सौ.ने अर्ज वाचला आणि त्यात 'मी' किती वेळा आलाय ते मोजलं. एक्केचाळीस. सौ. म्हणजे शालूबाई, माहेर जानेफळ, शिक्षण सातवी. तिला मोजायचं वेड आहे.

बुधवार, १९ जुलै

सौ.ने चातुर्मासात लाख वाती करायचं व्रत धरलं आहे. दुपारभर वळत बसते. शंभर झाल्या की जुडी बांधायची, दहा जुड्या झाल्या की भिंतीवर कुंकवाचं एक बोट. मी म्हणालो, एवढ्या वेळात माणूस एम.एस्सी. होईल. ती म्हणाली, "तुम्ही झाले ना, मंग झालं काय?"

कॉलेजच्या प्रयोगशाळेत उंदीर तारा खातात, म्हणून यंत्र घरीच होणार. घरात टेबल एकच. त्यावरच्या लोणच्याच्या बरण्या उतरवून मी 'प्रयोगशाळा' असा कागद चिकटवला. बरण्या आता माझ्या पुस्तकांच्या फळीवर आहेत.

हाताखाली कडूबा मिळाला आहे. स्टँडजवळ संस्थेच्या गाळ्यात रेडिओ दुरुस्तीचं दुकान, वय पंचावन्न, शिक्षण चौथी. सौ.च्या गावचा, म्हणून ती त्याला काका म्हणते आणि तो मला जवाईबापू. मी सांगून पाहिलं की 'सर' म्हणत जा. म्हणाला, "हाव जवाईबापू."

रविवार, ६ ऑगस्ट

चुंबकासाठी मी एका परदेशी कंपनीचं सूचीपत्र मागवणार होतो. कडूबा म्हणाला, "तंबू टाकीजचे जुने भोंगे पडेल हायेत माझ्याजवळ. एकेकात असा चुंबक हाय का दोन मान्सं ओढतीन तरी सुटत नाही. काऊन मागवता?"

मोडक्या जिनिंगमधली जाड लोखंडी पट्टी त्यानेच आणली. ती वाकवून केलेल्या चौकटीत वर चुंबकांची एक चळत, खाली एक चळत, मध्ये चार बोटांची फट. माझी देखरेख होती. खुर्चीत बसून देखरेख केल्यानेही पाठ दुखते, हे लोकांना पटत नाही.

रविवार, २७ ऑगस्ट

फटीत चुंबकाचा जोर सगळीकडे सारखा असून भागत नाही, त्याला उतार द्यावा लागतो. मग एका कडेचं पाणी एका लहरीवर बोलतं, दुसऱ्या कडेचं जरा पुढच्या, आणि कोण कुठे आहे ते कळतं. त्यासाठी दोन वेटोळी हवीत आणि त्यांत वेढे नेमके सारखे हवेत.

पहिलं मी स्वतः गुंडाळलं. तीनशेच्या आसपास वेढे झाले. कडूबाने ते हातात फिरवून पाहिलं. "आसपास चालत नाही ना, जवाईबापू."

सौ.ला म्हणालो, तू वाती करतेस तशी तार गुंडाळ. तिने पन्नास वेढ्यांवर लाल दोरा बांधत दोन दिवसांत दोन्ही संपवली. मोजून पाहिली. तीनशे आणि तीनशे. दोन्हींत एका केसाचा फरक नाही. तिच्यासारखं यांत्रिक काम मला जमत नाही. माझं डोकं मोठ्या गोष्टींत असतं.

शनिवार, १६ सप्टेंबर

ऐतिहासिक दिवस. पाणी बोललं.

मी त्या वेळी कॉलेजात प्राचार्य उकंडराव यांच्या घरच्या सत्यनारायणाची आमंत्रणं लिहीत होतो. माझं अक्षर चांगलं आहे. घरी आलो तर कडूबा आणि सौ. टेबलाशी कान लावून बसलेले. रेडिओतून दर धक्क्यामागे बारीकसं टिक् येत होतं. पाण्याची नळी काढली की गप्प, ठेवली की टिक्. सौ.च्या डोळ्यांत पाणी होतं. मी नोंदवहीत लिहिलं: पहिला प्रतिसाद, निरीक्षक मी.

घोळ एकच होता. मधूनच विविध भारतीवरचं गाणं घुसायचं. मी गंभीरपणे विचार करत असताना कडूबा म्हणाला, "पान्याचं स्टेशन अन् गान्याचं स्टेशन एकाच जाग्यावर येऊन राह्यलं. फट जराशी कमी करू, चुंबकाचा जोर वाढन, मंग पानी वर सरकन." त्याने तसं केलं, गाणं गेलं.

मी अगदी हेच म्हणणार होतो.

बुधवार, ८ नोव्हेंबर

वाळलेली भुईमुगाची शेंग फटीत ठेवली. पाणी नसलं तरी दाण्यातलं तेलही उत्तर देतं. बारा वेळा थोडीथोडी फिरवून दर वेळी कुठलं उत्तर किती मोठं त्याचे आकडे घ्यायचे, कागदावर चौकटी आखायच्या, प्रत्येक चौकटीत कुठले बारा आकडे मिळवायचे ते पाहायचं. माझी बेरीज तीनदा चुकली. सौ.ने वही ओढून घेतली आणि रांगोळीचे ठिपके मांडावेत तशी मांडत गेली. आकडा मोठा तिथे दाट ठिपके, लहान तिथे विरळ.

संध्याकाळपर्यंत कागदावर शेंग आली. एक दाणा भरलेला, दुसऱ्याच्या जागी फक्त पाच-सहा ठिपके. मी म्हणालो, चुकलं, दोन्ही सारखे यायला हवेत. ती म्हणाली, "फोडून पाहा ना." फोडली. दुसरा दाणा पोचट निघाला.

कडूबा तो पोचट दाणा तळहातावर घेऊन बराच वेळ बसला होता. खरं सांगायचं तर मला जरा भीती वाटली. ही वही कुणी वाचणार नाही असं धरून लिहितो: हे यंत्र मला पूर्ण समजतं का, याची मला खात्री नाही. पण अर्ज माझा आहे आणि पदवीही माझीच आहे.

रविवार, ३ डिसेंबर

सौ. चित्राचे आकडे घेत असताना तिची केसातली पिन उडून चुंबकाला चिकटली. तेव्हापासून ती टेबलाशी येताना पिना काढून ठेवते, आणि कडूबा पेचकस ओसरीवर. तिने पाटी लिहायला लावली: 'लोखंडी वस्तू आत आणू नये.' माझं अक्षर चांगलं आहे.

आज अध्यक्षांना शेंगेचं चित्र दाखवलं. हिंमतरावांनी ते उलटं धरलं आणि म्हणाले, "मान्साचा हात दिसन काय यात?" मी म्हणालो, बोट तर नक्की दिसेल. "मंग सव्वीस जानेवारीले झेंडावंदन झालं का पह्यला हात आपला. अन् तुमच्या कायमचं पाहून घेऊ." घरी येताना मी जवळजवळ पळतच होतो.

कडूबाला सांगितलं तर त्याचं तोंड लहान झालं. "पह्यलं बोट शालूबाईचं काढू असं वाटे मले. तिनंच तर..." मी म्हणालो, अरे, बायकोचं बोट कुठे पळून जातंय?

शुक्रवार, २६ जानेवारी १९७९

झालं ते क्रमाने लिहितो.

यंत्र पहाटेपासून कॉलेजच्या सभागृहात मांडलं होतं. मांडव, तहसीलदार, दोन सरपंच, बँडवाले. हिंमतराव फेटा बांधून आले आणि बाही वर सारून खुर्चीवर बसले. मधल्या बोटात लोखंडी अंगठी. साडेसाती आहे म्हणून काळ्या घोड्याच्या नालेची करून घेतलेली.

कडूबा पुढे झाला. "दादासाहेब, तेवढी अंगठी काढा. लोखंड चालत नाही."

हिंमतरावांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला म्हणाले, "हे लोखंड नोहे, शनिमहाराजाचं हाय. फाल्गुनापरेंत काढाची नाही."

पाटी माझ्याच अक्षरात समोर लटकत होती. कडूबा पुन्हा तोंड उघडणार तोच मी म्हणालो, "कडूबा, तू बाजूला हो. एवढ्याशा अंगठीने काही होत नाही." माझ्यासमोर त्या वेळी लोखंड नव्हतं, कायमचा हुकूम होता.

बोट फटीत गेलं आणि खटकन वरच्या चुंबकाला चिकटलं. अध्यक्ष ओरडले. सरळ ओढलं असतं तर सुटलं असतं, पण त्यांनी आडवा हिसका मारला, तशी वरची चळत सरकली आणि बोट चुंबक नि लोखंडाच्या मध्ये धरलं गेलं. तहसीलदारांनी अध्यक्षांना ओढलं, सरपंचांनी यंत्राला. बँडवाल्यांना वाटलं उद्घाटन झालं, त्यांनी वाजवायला सुरुवात केली. शेवटी कडूबाने लाकडी पाचर ठोकून फट मोठी केली आणि सौ.ने खोबरेल तेल लावून अंगठी काढली. बोट निळं झालं होतं. अंगठी अजून चुंबकालाच आहे, ती काढायला कुणी धजत नाही.

जाताना हिंमतराव एवढंच म्हणाले, "ज्यानं हे केलं त्याचं नाव मले लेखी पाह्यजे."

शनिवार, २७ जानेवारी

प्राचार्यांनी बोलावून दार लावून घेतलं. म्हणाले, कायमचा हुकूम टाइप होऊन पडलाय, फक्त सही राहिली आहे. यंत्र तुमचं असेल तर तो फाडायचा. तुमचं नसेल तर तसा खुलासा द्या, दोन प्रतींत.

तिथेच बसून लिहिला. नक्कल उतरून ठेवतो:

'सदर यंत्राच्या उभारणीत माझा कोणताही सहभाग नाही. चुंबक व लोखंड श्री. कडूबा यांनी आणले व जोडले. रेडिओची जोडणी त्यांचीच. तारेची वेटोळी माझी पत्नी शालूबाई हिने गुंडाळली. सर्व आकडे तिनेच मांडले व चित्रेही तिनेच काढली. मला यंत्राची बेरीजसुद्धा जमलेली नाही. यंत्र माझ्या घरी होते, परंतु त्याखालचे टेबल तेवढे माझे आहे.'

एवढी थाप मारताना हात अडखळायला हवा होता. नवल म्हणजे एका दमात झालं. एरवी एक रजेचा अर्ज लिहायचा तर मी तीन कागद फाडतो.

गुरुवार, १ फेब्रुवारी

कडूबाच्या गाळ्याला संस्थेने कुलूप लावलं. लोकांचे रेडिओ आत अडकले. तीस वर्षांचं दुकान होतं. मला वाईट वाटलं, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. भेटायला जाणार होतो, पण अध्यक्षांच्या माणसांनी पाहिलं असतं.

यंत्र संस्थेने उकिरड्यावर टाकलं. कडूबा आणि त्याची बायको गोजरबाई यांनी ते बैलगाडीत घालून आमच्या घरी आणलं. मी म्हणालो, इथे नको. सौ. दारात उभी राहिली. तिला खुलाशाचं कुणी सांगितलं कोण जाणे.

"तुम्ही लिहून देलं ना, तुमचं नोहे म्हनून?"

"हो, पण..."

"मंग माझं हाय. राहू द्या टेबलावर."

टेबल माझं आहे, असं म्हणायचं सुचलं होतं. म्हणालो नाही. कडूबा बैलगाडी वळवून निघून गेला. जवाईबापूही म्हणाला नाही. ते लागलं.

मंगळवार, २० फेब्रुवारी

आज अर्ज पाहून मुंबईच्या संस्थेचे एक साहेब आले. सात महिन्यांत माझ्या तीन स्मरणपत्रांना उत्तर नाही, आणि आले ते नेमके आत्ता. आधी कॉलेजात गेले. प्राचार्यांनी हात झटकले आणि माझा खुलासा त्यांच्या हातात ठेवला. साहेब तो वाचत वाचतच आमच्या दारात आले. प्राचार्य मागे होतेच, मी काय बोलतो ते ऐकायला.

कडूबाने अंगठी सोडवून सरकलेली चळत पुन्हा नीट बसवली होती. साहेबांनी विचारलं, इतक्या ओबडधोबड चुंबकात एवढं साफ उत्तर कसं येतं? कडूबा म्हणाला, "साहेब, पत्र्याचे बारके तुकडे चिकटवत गेलो. टिक् जेवढं लांबलं तेवढी फट सुधरली. कानानं केलं." साहेब खाली बसले. जमिनीवरच. मग सौ.ने डाव्या हाताचं बोट फटीत ठेवलं आणि उजव्या हाताने आकडे लिहीत गेली. बोट हलू नये म्हणून कडूबाने लाकडाचा खोबणीचा ठोकळा केला होता, तो बोटासकट टीचभर फिरवत गेला. साहेब शेजारी बसून तिला चौकटी आखून देत होते, तिला विचारून विचारून.

चार वाजता कागदावर बोट आलं. मधलं हाड मोकळं, भोवती दाट ठिपके.

साहेबांनी वर पाहून मला विचारलं, "आणि आपलं यात काय काम?"

तोंडात एक्केचाळीस 'मी' तयार होते. प्राचार्य बघत होते. हुकुमावर सही अजून व्हायची होती.

"मी यांचा नवरा," मी म्हणालो. "चहा टाकतो."

शनिवार, २४ मार्च

एकाच टपालाने दोन पाकिटं आली. माझ्या पाकिटात कायमचा हुकूम. चार वर्षं ज्याची वाट पाहिली तो कागद. मी तो दोनदा वाचला आणि खिशात ठेवला.

दुसरं पाकीट कडूबा आणि सौ. यांच्या नावाने. दोघांनी यंत्र घेऊन मुंबईला यावं. कडूबाला तिथल्या कार्यशाळेत जागा, सौ.ला सहा महिने वेटोळी आणि चित्रं शिकवायचं काम. यंत्राविषयीचा लेख दोघांच्या नावे छापायला जाईल. तळाला एक ओळ माझ्यासाठी: आपल्या लेखी निवेदनानुसार आपला या यंत्राशी संबंध नसल्याने आपले नाव घातलेले नाही.

सतरा पानी अर्जातला एक शब्द त्या लोकांनी धरला नाही, आणि हे एक पान शब्दशः मानलं.

मी सौ.ला म्हणालो, "तू त्यांना लिही. निदान कल्पना माझी होती म्हणून."

"लिहिते," ती म्हणाली. "पन मंग तो खुलासा खोटा होता असंही लिहा लागन. तुमच्या हुकमाचं काय करता?"

ती पाच मिनिटं थांबली होती, हातात पेन घेऊन. टोमणा नव्हता, ती खरंच लिहिणार होती. मी म्हणालो, राहू दे. जळफळाट झाला माझा, आणि तो कोणावर ते कळत नव्हतं.

सोमवार, ९ एप्रिल

मुंबईची रेल्वे मलकापूरला मिळते, तिथली बस सकाळची. कडूबा, गोजरबाई आणि सौ., तिघं निघाली. मी पोचवायला गेलो. सौ.ने पिठाचा डबा कुठे आहे, दूधवाल्याला काय सांगायचं, सगळं सांगितलं. मग म्हणाली, "सुट्ट्या लागल्या का या तिकडं. पाहा तर खरं." कडूबाने वाकून नमस्कार केला. "येतो, जवाईबापू." इतक्या दिवसांनी तो शब्द ऐकला.

यंत्राच्या लाकडी पेटीला मी आणि कडूबाने दोन बाजूंनी हात लावला होता. जड आहे. ते मला आज कळलं, तोवर मी कधी उचललंच नव्हतं. बसच्या पायरीवर कंडक्टरने अडवलं. "टपावर टाका. आत ठेवाचं असन तर ज्याचं हाय त्यानं पायाजवळ धरून बसा. कोनाचं हाय हे?"

कडूबा माझ्याकडे पाहत होता. सौ. खिडकीतून पाहत होती. कंडक्टरला फक्त सामानाशी मतलब होता, हे मलाही कळत होतं. तरी मला वेळ लागला. मागून कुणीतरी ओरडलं, सांगा ना लवकर.

"यांचं," मी म्हणालो. "या दोघांचं."

आणि पेटी आत सरकवली.